घरचा व्यवसाय, लहान मुले आणि पाळीची वही

घरून व्यवसाय करणाऱ्या बाईला वारंवार ऐकावे लागणारे एक वाक्य आहे: "बरं आहे तुमचं, घरच्या घरी काम होतं आणि मुलांकडेही लक्ष राहतं." बोलणारे बहुतेक वेळा मनापासून बोलतात, त्यात कौतुकही असते. पण उन्हाळी वाळवण आणि मसाल्यांचा व्यवसाय घरातून चालवताना, आणि त्याच घरात सहा वर्षांची मुलगी व अडीच वर्षांचा मुलगा वाढवताना, माझा अनुभव नेमका याच्या उलट आहे. पातेल्यात कुरडईचा चीक रटरटत असताना मुलाकडे लक्ष राहत नाही आणि मुलाकडे लक्ष असताना चीक ढवळला जात नाही. म्हणून आमच्या घरात मूल सांभाळणे हे व्यवसायातलेच एक काम मानले जाते. त्याची पाळी ठरलेली असते, पाळीवरच्या माणसाचे नाव वहीत असते आणि त्या तासांचा मोबदला पापड लाटण्याच्या मजुरीइतकाच धरला जातो. हे वाचायला कोरडे वाटेल, पण या एका नियमामुळे आमचा व्यवसाय टिकला आणि मुलेही सुखरूप राहिली, असे मी जबाबदारीने म्हणते.

आमचे घर नागपूरच्या मानेवाडा भागात आहे. खाली राहती जागा, मागे छोटेसे अंगण आणि त्यावर टिनाचे छप्पर, वर गच्ची. मी, नवरा आणि सासूबाई असे तिघे जण पूर्णवेळ याच कामात आहोत, आणि पापडाच्या दिवसांत शेजारच्या दोघी जणी लाटायला येतात. वर्षाचा क्रम निसर्गानेच ठरवून दिलेला आहे. होळीच्या आगेमागे कळमन्याच्या बाजारात लाल मिरचीची आवक भरात असते, तेव्हा वर्षभराच्या तिखटाची खरेदी होते; डाळी आणि खडा मसाला इतवारीतल्या मस्कासाथमधून येतो. मार्च ते मे कुरड्या, पापड, शेवया आणि मुगाच्या वड्या. पावसाळ्यात वजन करणे, पाकिटे भरणे आणि पोहोचवणे. मग महालक्ष्म्या, मग दिवाळी. मुलांचे आयुष्य या क्रमाने चालत नाही, आणि सगळी ओढाताण तिथूनच सुरू होते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. म्हणजे ज्या काळात आमच्या घरात सर्वांत जास्त काम असते, त्याच काळात मुले दिवसभर घरात असतात, आणि तीही अशा उन्हात, की दुपारी त्यांना अंगणातसुद्धा सोडता येत नाही.

कुरडईचे काम ज्यांनी जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहिते, कारण धोका कुठे आहे ते त्याशिवाय कळणार नाही. गहू तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचे, चौथ्या दिवशी ते वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा आणि तो रात्रभर तसाच बसू द्यायचा. पहाटे वरचे पाणी अलगद ओतून टाकायचे, आधणात मीठ आणि हिंग घालायचे आणि एकाने चीक ओतायचा, दुसऱ्याने लाकडी दांड्याने सतत ढवळायचा; हात क्षणभर थांबला तरी गुठळ्या धरतात. शिजलेला चीक गरम असतानाच सोऱ्यात भरावा लागतो, थंड झाला की तार तुटते. हा शिजलेला चीक अंगावर उडाला तर उकळत्या पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून राहतो आणि आतली उष्णता धरून ठेवतो. मोठ्या माणसाच्या मनगटावर थेंब पडला तरी फोड येतो. गुडघ्याएवढ्या उंचीचे मूल त्या पातेल्याच्या आसपास असूच नये, याला दुसरा पर्याय नाही.

म्हणून शेगडी स्वयंपाकघरात न ठेवता मागच्या छपराखाली आहे. घर आणि छप्पर यांच्यामध्ये कमरेएवढे जाळीचे फाटक आहे आणि त्याची कडी बाहेरच्या बाजूने, मुलाचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी बसवलेली आहे. सिलिंडर व्यावसायिक वापराचा, १९ किलोचा आहे. घरगुती वापरासाठी मिळणारा १४.२ किलोचा सिलिंडर व्यवसायाला वापरणे नियमात बसत नाही आणि घरच्या रोजच्या स्वयंपाकाची त्यात सरमिसळ करणे हिशोबाच्या दृष्टीनेही योग्य नाही. या मांडणीचा एक फायदा असा झाला, की अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खालील नोंदणीसाठी जी स्वच्छता राखावी लागते, तीही सांभाळली गेली. खाद्यपदार्थ घरात तयार होत असले तरी नोंदणी लागतेच आणि तिचा १४ अंकी क्रमांक प्रत्येक पाकिटावर छापावा लागतो. ज्या जागेत माल तयार होतो तिथे खेळणी, दुधाची बाटली आणि मुलांचे कपडे नसले पाहिजेत, हे पथ्य गिऱ्हाइकासाठी जितके आवश्यक आहे तितकेच मुलांसाठीही.

तिखटाच्या बाबतीत आम्ही आणखी कडक आहोत. मिरची घरी कांडायची नाही, ती कांडप यंत्रावरच द्यायची, मग त्यासाठी मजुरी जास्त पडली तरी चालेल. देठ काढण्याचे काम मात्र गच्चीवरच होते आणि ते मुलगी शाळेत असताना, मुलगा आजीजवळ असताना उरकले जाते. त्यानंतर लगेच बाळाला उचलायचे नाही. मिरचीतला तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, म्हणून आधी हातांना कोपरापर्यंत गोडेतेल चोळायचे, मग साबणाने धुवायचे, मग साडी किंवा ड्रेस बदलायचा. भिवापूरची मिरची असो की दुसरी कोणतीही, पदराला लागलेले तिखट झोपाळलेल्या मुलाच्या डोळ्यांपर्यंत जायला वेळ लागत नाही. डाळींचेही तसेच आहे. या वयाची मुले हाताला लागेल ते नाकात आणि कानात घालतात, त्यामुळे मुगाची डाळ निवडून झाली की जमीन एकदा झाडून आणि एकदा ओल्या फडक्याने पुसून घेतल्याखेरीज मुलाला त्या खोलीत आणायचे नाही.

पापडाचे दिवस त्यामानाने मुलांचे. एप्रिलमध्ये नागपूरची हवा इतकी कोरडी होते की झाकून ठेवलेली लाटीसुद्धा वरून सुकू लागते. पंखा लावला तर कडा फुटतात, म्हणून लाटण्याचे काम पहाटे साडेचारला सुरू होते आणि ऊन तापायच्या आत संपते. मुलगी सहाच्या सुमारास उठते आणि डोळे चोळत थेट पोळपाटांच्या रांगेत येऊन बसते. तिच्यासाठी सासूबाई मूठभर पीठ पापडखार न घालता वेगळे मळून ठेवतात. त्यातली एक लाटी तेलात बुडवून खायची आणि एक लाटायची, हा तिचा हक्क आहे. तिचा पापड गोल होत नाही, एका बाजूला कागदासारखा पातळ आणि दुसऱ्या बाजूला जाड राहतो, पण तो गच्चीवर इतर पापडांबरोबरच वाळला पाहिजे असा तिचा आग्रह असतो. तो प्लास्टिकच्या कोपऱ्यात स्वतंत्र वाळतो आणि संध्याकाळी भाजून तिलाच मिळतो. तो विकला जात नाही, आणि तिने लाटावे म्हणून कोणी तिला हाक मारत नाही.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. बालकामगार कायद्यात २०१६ साली जी दुरुस्ती झाली, तिने १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी केली, पण शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत स्वतःच्या कुटुंबाच्या व्यवसायात, धोक्याचे नसलेल्या कामात, मदत करण्याची सवलत ठेवली. कायद्याने दिलेली ही सवलत आमच्यासारख्या घरांना लागू पडते. मला ती पुरेशी काटेकोर वाटत नाही. पाकिटांना चिकटपट्ट्या लावणारी सहा वर्षांची मुलगी सुरुवातीला खेळत असते. ऑर्डर मोठी असली आणि संध्याकाळपर्यंत माल द्यायचा असला की तेच खेळणे नकळत काम होते, कारण तिच्या हाताची गरज निर्माण झालेली असते. म्हणून आमच्या घरातला नियम असा आहे, की मुलांनी जे काही केले ते मालाच्या संख्येत धरायचे नाही. ज्या क्षणी तिने लावलेल्या चिकटपट्ट्या मोजाव्याशा वाटतील, त्या क्षणी तिला उठवून बाहेर खेळायला पाठवायचे.

आता वहीबद्दल. पाळीची वही साधी, दोनशे पानी आहे. डाव्या बाजूला दिवसाचे तास, पुढे कामे: शेगडी, गच्ची, लाटणे, पाकिटे, पोहोचवणे, फोन, आणि शेवटच्या रकान्यात मुले. ज्याचे नाव मुलांच्या रकान्यात आहे त्याने त्या तासांत व्यवसायाचे दुसरे कोणतेही काम करायचे नाही, फोनही उचलायचा नाही. सकाळच्या पाळीवर बहुधा सासूबाई असतात, दुपारी तीन ते सहा नवरा, आणि माझी वेळ संध्याकाळची. मोबदल्याची गोष्ट काढली तेव्हा सासूबाईंना ती अजिबात पटली नव्हती. "आपल्याच नातवाला सांभाळायचे पैसे घेऊ का मी? लोकं काय म्हणतीन?" असे त्यांनी विचारले. मी म्हटले, "आई, माया तुमची आहे, तिचे पैसे कोणी देऊच शकत नाही. पण सकाळचे चार तास तुम्ही त्याच्यामागे असता म्हणून मी शेगडीपाशी उभी राहू शकते. ते तास व्यवसायाचे आहेत." त्यांनी पहिले पाकीट देवापुढे ठेवून दिले आणि कित्येक दिवस त्याला हात लावला नाही. नंतर एके दिवशी त्याच पैशांतून पोस्टात आवर्ती ठेवीचे खाते उघडून आल्या. आपल्या तासांना किंमत आहे हे वहीत दिसू लागल्यावर त्या एक वाजला की "माझी पाळी झाली" असे सांगून निवांत भजनाला जाऊ लागल्या, आणि मला त्याचे फार समाधान आहे. त्याआधी त्यांच्या दिवसाला शेवट नव्हता.

नवऱ्याच्या पाळीकडे लोक अजूनही वेगळ्या नजरेने पाहतात. मुलाला कडेवर घेऊन तो दारात उभा दिसला की "आज वहिनी नाहीत का घरी?" असा प्रश्न येतो. वहिनी घरीच असतात, आत वजनकाट्यापाशी. २०१९ सालच्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात असे नोंदवले गेले, की बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि ते काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. घरातल्या माणसांची देखभाल करण्यात हाच वेळ १३४ आणि ७६ मिनिटे इतका होता. घरच्या व्यवसायात ही मिनिटे मालाच्या किमतीत कुठेच दिसत नाहीत. उडीद, तेल, गॅस, वीज, पाकीट, पेट्रोल असे सगळे जोडून भाव ठरतो, आणि ज्या बाईने बाळाला मांडीवर थोपटत ठेवले म्हणून दुसरीला लाटता आले, तिचे तास फुकट धरले जातात. घरगुती माल स्वस्त असतो असे आपण सहज म्हणतो. तो स्वस्त असण्याचे एक मोठे कारण हे आहे.

आम्ही ते तास भावात धरले तेव्हा किलोमागे दर वाढवावा लागला. काही गिऱ्हाइके तुटली आणि ती परत आलेली नाहीत. बाजारात यंत्रावरचा पापड आमच्यापेक्षा बराच कमी दरात मिळतो आणि ज्यांचे बजेट तेवढे आहे त्यांनी तो घ्यावा, यात मला गैर वाटत नाही. पण तोट्यात विकून, सासूबाईंचे आणि स्वतःचे तास त्यात विरघळवून टाकून, वर्षाच्या शेवटी "नफा झाला" असे म्हणणे मला मान्य नाही.

सरकारी पातळीवरही हा खर्च कोणाच्या डोळ्यांसमोर नाही. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची पगारी रजा २६ आठवडे केली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. स्वतःच्या घरात स्वतःचा व्यवसाय करणारी बाई या दोन्हींच्या बाहेर राहते. २०२० मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत कर्जाशी जोडलेले अनुदान ठेवले गेले, त्यातून दळण्याचे, वाळवण्याचे, पाकीटबंद करण्याचे यंत्र घेता येते. यंत्र चालवणाऱ्या बाईचे मूल त्या वेळी कोणाजवळ असेल, हा प्रश्न अर्जात नसतो. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या परिसरात, आईबाप कामाला गेलेल्या मुलांसाठी शिक्षण त्यांच्या अंगणापर्यंत नेले, ते याच महाराष्ट्रात. वस्तीतल्या चार घरगुती उद्योगांनी मिळून एक खोली, एक प्रशिक्षित ताई आणि सकाळचे पाच तास एवढी सोय उभारली, तर तिला यंत्राइतकाच हक्काचा निधी मिळाला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

नियमाची खरी परीक्षा गेल्या एप्रिलमध्ये झाली. संध्याकाळी पाचच्या सुमारास आकाश एकदम भरून आले आणि वादळासह अवकाळी पाऊस सुरू झाला. नवऱ्याची पाळी त्या दिवशी मी घेतली होती, कारण तो सीताबर्डीला माल पोहोचवायला गेला होता. सासूबाई देवळात होत्या. मी मुलाला आंघोळ घालत होते, तो पाण्याच्या टबात बसलेला होता आणि गच्चीवर त्या दिवशीच्या सगळ्या कुरड्या पसरलेल्या होत्या. मी वर गेले नाही. साबण लागलेल्या ओल्या मुलाला पंच्यात गुंडाळून बाहेर आणेपर्यंत प्लास्टिकवर पाणी साचलेले होते. भिजलेली कुरडई पुन्हा वाळवून विकता येत नाही, तिला आंबूस वास येतो. सगळा माल गाईंना घालावा लागला. शेजारच्या काकू हळहळून म्हणाल्या, "अगं, दोन मिनिटांचं तर काम होतं." पाण्याच्या टबात एकटे सोडलेल्या अडीच वर्षांच्या मुलासाठी दोन मिनिटे किती असतात, हे त्यांनाही ठाऊक आहे, म्हणून मी वाद घातला नाही. नवऱ्याने रात्री वहीत वजन लिहून पुढे "अवकाळी" एवढेच लिहिले.

त्यानंतर व्यवस्था मात्र बदलली. ताडपत्री आता गच्चीवरच, कठड्याला एका बाजूने बांधून ठेवलेली असते आणि आमच्याकडे भाड्याने राहणारा महाविद्यालयीन मुलगा वाळवणाच्या महिन्यांत पावसाची जबाबदारी घेतो. त्याला त्याचे ठरावीक पैसे मिळतात. मुलांच्या पाळीवरचे माणूस गच्चीवर जाणार नाही, हा नियम आहे तसाच आहे.

गिऱ्हाइकांच्या वेळा ठरवणे हे त्यामानाने सोपे निघाले. सकाळी अकरा ते एक आणि संध्याकाळी सहा ते आठ, अशी पाटी फाटकावर लावली आणि व्हॉट्सॲपवरही तीच वेळ टाकली. घरच आहे म्हणून जेवताना दार वाजवणारे हळूहळू थांबले. पैसे जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारे यंत्र बैठकीतून काढून मागे ठेवले, कारण दुपारी त्याच्या आवाजाने मुलगा दचकून उठत असे.

अवघड असते ते तान्ह्या पोळ्याचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतींच्या, म्हणजे वाईट शक्तींच्या पुतळ्यांच्या, मिरवणुका निघतात आणि मुले लाकडी बैल सजवून घरोघर फिरतात. तिथून पुढे आठवडाभरात महालक्ष्म्या येतात, आणि नैवेद्याच्या ताटात कुरडई-पापड लागतातच, त्यामुळे वर्षातल्या सर्वांत घाईच्या ऑर्डरी नेमक्या त्याच दिवसांत असतात. तरी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आम्ही काम पूर्ण बंद ठेवतो. पाटी फिरवलेली असते, फोन बंद असतो. मुलगी आदल्या रात्रीच बैलाच्या शिंगांना बेगड लावून ठेवते आणि धाकटा त्याची दोरी कोणालाच धरू देत नाही. एका मोठ्या भोजनगृहाने त्या दिवशी माल हवा म्हणून दरवर्षीची ऑर्डर काढून घेतली. ती गेली तर जाऊ द्यावी असे तिघांचेही एकमत झाले.

येत्या जूनमध्ये धाकटा बालवाडीत जाईल आणि सकाळचे तीन तास वहीतला मुलांचा रकाना रिकामा राहील. त्या तासांत काय करायचे यावर सध्या घरात चर्चा चालू आहे. नवऱ्याचे म्हणणे शेवयांचे प्रमाण वाढवावे. सासूबाई म्हणतात, त्यांना मसाल्याच्या भाजणीवर बसायचे आहे, कारण धणे आणि खोबरे किती भाजायचे ते अजून कोणालाच नीट जमत नाही. मला त्यांचे पटते. शेवयांची यंत्रे सगळीकडे आहेत, त्यांच्या हाताची भाजणी दुसरीकडे नाही. मोबदला आहे तोच राहील, फक्त रकाना बदलेल, असे मी त्यांना सांगितले आहे. बालवाडीला सुट्टी असेल किंवा मुलगा आजारी असेल, त्या दिवशी भाजणी बंद ठेवायची, हेही आत्ताच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.